डिझाईनची मोजदाद कोणत्या वहीतून?

कापड मीटरवर मोजले जाते, पण खपते ते नक्षीवर, हे आम्हा व्यापाऱ्यांना कोणी शिकवायला नको. मग एखादा देश डिझाईनमध्ये किती पुढे, हे कसे मोजायचे? सध्याचे सोपे माप म्हणजे नोंदणीचे आकडे. जागतिक बौद्धिक संपदा संघटना ते दरवर्षी देशवार छापते, आणि त्यात चीन सर्वांच्या पुढे असतो.

कापडाच्या बाबतीत हे माप आम्हाला तोकडे वाटते. आपल्याकडे डिझाईन कायदा, 2000 प्रमाणे नोंदणी केल्यास 10 आणि पुढे वाढवून 15 वर्षे संरक्षण मिळते. साडीची किनार मात्र एका हंगामात जुनी होते. नमुना अर्जाआधीच बाजारात आला, तर नोंदणी मिळत नाही. नक्कल पकडली, तरी कायद्याने ठरवलेली रक्कम एका डिझाईनमागे जास्तीत जास्त 50,000 रुपये. त्याहून जास्त नुकसानभरपाई हवी तर कोर्टाची पायरी. एवढ्यासाठी नांदेड-लातूरचा लहान छपाईवाला कशाला अर्ज करील?

न करावा तरी तोटाच. कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 प्रमाणे नोंदणीयोग्य डिझाईन नोंदले नाही आणि कारखान्यात त्याचे 50 हून अधिक नग निघाले, की कॉपीराइटही जातो. पन्नास साड्या म्हणजे लग्नसराईतली आमची एक दुपार!

दुसरे उदाहरण जवळचेच. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीतर्फे उदगीरला राष्ट्रध्वजाची खादी विणली जाते. धागा, वीण, रंग सर्व भारतीय मानकाप्रमाणे तपासले जाते. इतके चोख हुनर, पण डिझाईनच्या आकड्यांत त्याची नोंद शून्य. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण ती वही वेगळी.

केंद्राने 2007 साली राष्ट्रीय डिझाईन धोरण मंजूर केले. ते चांगलेच झाले. मात्र कामगिरी मोजायची तर बाजारात यावे. किती कारखाने नक्षी काढणाऱ्याला पगार देतात? वर्षात किती नवे नमुने विक्रीला लागतात आणि त्यातले किती दुकानदार पुन्हा मागवतात? आमच्या मते पुन्हा आलेली ऑर्डर हीच खरी परीक्षा, आणि ती आमच्या बिलबुकांत लिहिलेली आहे. जिल्हा उद्योग केंद्रांनी व्यापारी संघटनांकडून ही माहिती हंगामागणिक मागवावी. बिलावर नमुन्याचा नंबर असतोच. त्याशेजारी नक्षी काढणाऱ्याचे नाव लिहिण्याची सुरुवात ठोक व्यापाऱ्यांनी येत्या दिवाळीच्या मालापासून करावी.