नायकपद आणि भांडवल

स्वतःच निर्माता होऊन नायकाची भूमिका मिळविणाऱ्या नटाची हेटाळणी करण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. वस्तुतः असा नट भूमिका फुकट मिळवीत नाही. चित्रपट कोसळल्यास तोटाही त्यालाच सोसावा लागतो. दादा कोंडके यांनी १९७१ साली ‘सोंगाड्या’ची निर्मिती करून त्यात स्वतःच नायकाची भूमिका केली. रूढ नायकाचा चेहरा नसलेल्या या नटाला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. परीक्षा अखेर तिकीटखिडकीवरच झाली. तेव्हा आक्षेप घ्यावयाचाच तर तो या धाडसावर नव्हे. भांडवल उभारू न शकणाऱ्या गुणी नटाला या परीक्षेस बसताच येत नाही, या विषमतेवर घ्यावयास हवा.