गळ्यात माळ, शेतात माळा

महाशिवरात्रीला आमच्या तामलवाडीत महादेवाच्या देवळापुढे कीर्तन असते. यंदाही झाले. ज्वारीची काढणी चालू, दिवसभर वाकून कंबर मोडलेली, तरी मंडप भरला होता. बुवांनी शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायातला व्याध आख्यानाला घेतला. ही पोथी बारामतीत पूर्ण झाली. लिहिणारे श्रीधरस्वामी नाझऱ्याचे, समाधी पंढरपुरात. म्हणजे पोथी शिवाची असली तरी माणूस आपल्याच वाटेवरचा.

कथा सर्वांना ठाऊक आहे. व्याध पाण्याकाठच्या बेलाच्या झाडावर धनुष्य घेऊन बसला. नेम दिसावा म्हणून आड येणारी पाने तोडून खाली टाकत राहिला. खाली शिवलिंग होते. दिवसभर अन्न नाही, रात्रभर झोप नाही. बुवांनी सिद्धांत मांडला: नकळत उपवास घडला, नकळत जागरण घडले, नकळत बेल वाहिला गेला आणि व्याध उद्धरला, देव इतका भोळा आहे! टाळ्या झाल्या. मी टाळकऱ्यांत उभा होतो, मीही वाजवल्या.

कीर्तन उठल्यावर पारावर पोरे मोबाईल बघत बसली होती. परदेशातला कोणी माणूस झाडाला लोखंडी मचाण बांधून बसलेला, अंगावर पानांच्या रंगाचे कपडे, हातात चाके लावलेले धनुष्य. तास न् तास तो हलत नाही. खार येते, पक्षी येतात, शेवटी हरीण येते. बाण सुटतो. मग तो खाली उतरून हरणाच्या अंगावर हात ठेवतो आणि देवाचे आभार मानतो.

एक पोरगा मला म्हणाला, "तात्या, आपल्या तळ्याजवळच्या लिंबावर असंच मचाण बांधलं तर? काळवीट रोज पाण्याला येतंय. बंदुकीगत आवाज नाही, कुणाला कळणारबी नाही. अन् पीक तर तेच खातंय की." दुसरा हसून म्हणाला, "व्याधानं तरी दुसरं काय केलं?"

हा पोरगा माळकऱ्याच्या घरचा. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. माऊलींनो, हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. ते त्या पोरांना आहे, बुवांनाही आहे, आणि सर्वांत आधी मला स्वतःला आहे.

प्रथम बुवांना. व्याध बेलाच्या पानांनी तरला असे सांगितले की पोरांनी दुसरे काय समजावे? बेल पडला की झाले, मग बाणाचे काही का होईना! पण पोथीत पुढे काय आहे? हरिणी समोर आली, व्याधाने बाण ओढला आणि ती बोलली. घरी जाऊन येते, मग मार, म्हणाली. त्याने जाऊ दिले. ती परत आली. तिच्या मागे तिचे सारे कुटुंब आले, आणि प्रत्येक जण म्हणू लागला, आधी मला मार. तेव्हा व्याधाने धनुष्य टाकले. विमान आले ते त्यानंतर. पाने तर आदल्या प्रहरीही पडत होती, तेव्हा विमान का आले नाही? नकळत घडलेल्या पुण्याने त्याचे कान उघडले असतील. पण धनुष्य त्याला कळून-सवरून टाकावे लागले. कथेतले सोपे ते उचलायचे आणि अवघड ते सोडायचे, ही आपल्या श्रोत्यांची आणि वक्त्यांची जुनी खोड आहे.

आता पोरांना. मचाणावर बसण्यात काही गोडी नाही असे मी म्हणणार नाही. खोटे कशाला बोलू? मी दहा वर्षांचा असताना वडिलांनी मला ज्वारीच्या माळ्यावर बसवले. चार मेढी, वर काटक्यांची आणि कडब्याची बैठक, हातात गोफण. पहाटे राघूंचे थवे यायचे, रात्री कोल्हेकुई, लिंबावर पिंगळा. एकदा बांधाबांधाने दुडक्या चालीने जाणारा लांडगा पाहिला. त्याने मला पाहिले आणि चाल बदलली नाही. काळविटाची मादी पाडसाला गवतात दडवून लांब जाऊन चरते. मला वाटायचे, काय निर्दय आई! पुढे कळले, ती जवळ राहिली तर लांडग्याला ठिकाण कळेल, म्हणून ती लांब राहते. हे मला कोणी पुस्तकातून शिकवले नाही, माळ्याने शिकवले. गप्प बसणे, वाट पाहणे, आपण तिथे नाहीच असे होऊन बघणे, हे नामाला बसण्याहून फार वेगळे नाही.

तेव्हा त्या परदेशी माणसाची ती सगळी बैठक मला मान्य आहे. त्याच्या देशातला कायदा, तिथला परवाना, तिथला हंगाम हे त्याचे तो बघेल. कोणी काय खावे यावरही हा लेख नाही; तुळजापूरच्या वाटेवरच्या गावात माळकऱ्याच्या शेजारी कुळाचार पाळणारे घर असते आणि दोघे एका बांधावर सुखाने नांदतात. माझा प्रश्न एवढाच: इतके तास बसून जे दिसू लागले, ते बाणाने वाढले की संपले?

आणि बाण म्हणजे काय तेही ऐका. बाण लागला की जनावर जागेवर पडत नाही. पाते आत कापते, रक्त जाते, आणि रक्त जाईपर्यंत जनावर धावते. म्हणून तिकडचे शिकारीही खाली उतरून रक्ताच्या थेंबांचा माग काढत जातात. तो भाग मोबाईलवर चटकन सरकवला जातो. आवाज होत नाही हे खरे, पण ज्याचा आवाज होत नाही ते पाप हलके होत नाही.

धनुष्याशी माझे वैर नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ साली बर्लिनला जागतिक स्पर्धेत सुवर्णपदके आणली, ती याच चाकाच्या धनुष्याने. हात शिवशिवत असतील तर गवताची गंजी आहे, कागदाचे लक्ष्य आहे, रोज पहाटे सराव करा. गावही बघायला येईल.

कायदा सांगायचा तर तोही सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. मारणेच नव्हे, फास लावणे, आमिष ठेवणे, मारण्याचा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत. पण शिक्षेला भिऊन झाडावरून उतरलेल्या व्याधाचे कीर्तन कोणी करत नाही. म्हणून मी तुम्हाला कायद्यापेक्षा मोठी गोष्ट आठवून देतो. एकनाथी भागवताच्या तिसाव्या अध्यायात काय आहे? झाडाखाली पाय दुमडून बसलेल्या श्रीकृष्णाचे पाऊल जरा नावाच्या व्याधाला हरणाचे तोंड वाटले. त्याने आडून बाण सोडला. देवाने त्याला क्षमा केली, सद्गती दिली. पण बाण लागला तो लागलाच. आपला विठोबा तोच ना? आडून बाण सोडणाऱ्याला समोर कोण बसले आहे हे कळत नसते, एवढे तरी वारकऱ्याने त्या अध्यायातून घ्यावे.

"अन् पीक?" तुम्ही विचाराल. विचारलेच पाहिजे. मका भरला की रानडुकरांचा कळप रात्रीत रान आडवे करतो. हरणे कोवळी ज्वारी आणि हरभरा खुडतात. शहरात बसून शेतकऱ्याला भूतदया शिकवणाऱ्यांनी एक रात्र आमच्या माळ्यावर थंडीत काढावी आणि मग बोलावे.

इथे तुकोबांची गोष्ट आठवते, महिपतिबुवांनी सांगितलेली. तुकोबांना कोणी शेताच्या राखणीला बसवले. तुकोबा माळ्यावर बसले आणि पाखरांना हाकलेनात. पाखरांनी यथेच्छ खाल्ले. शेताचा मालक संतापला, पंच बसले आणि नुकसानभरपाई तुकोबांवर बसली. पुढे देवाच्या कृपेने शेतात दाणा उदंड झाला. आपण कीर्तनात शेवटच्या चमत्कारावर टाळ्या पिटतो. मी मधल्या पंचायतीपाशी थांबतो. शेत दुसऱ्याचे होते. तुकोबांनी दया केली आणि तोटा मालकाचा झाला, हे पंचांनी चालू दिले नाही. तुकोबांनीही नाकारले नाही. दयेला खर्च असतो आणि तो कोणीतरी सोसावा लागतो. तो एकट्या कोरडवाहू शेतकऱ्यावर टाकून बाकीच्यांनी दयेची कीर्तने करायची, हा परमार्थ नव्हे. जंगली जनावर सर्वांचे, तर तोटाही सर्वांचा. वनखात्याकडून पिकाची भरपाई मिळते. पण पंचनामा वेळेत होत नाही, हेलपाटे घालून माणूस कंटाळतो आणि रागाने तारेत वीज सोडतो.

हे मी दुसऱ्याचे सांगत नाही. मीच सोडली होती.

मका दोनदा गेला होता, कर्ज होते. बांधावर तार ओढली आणि मोटारीच्या पेटीतून वीज दिली. गळ्यात माळ होती, संध्याकाळी हरिपाठ म्हटला होता. पहाटे जाऊन पाहिले तर डुक्कर नव्हते. कुत्रे होते. आमच्या वाड्यावरचे तांबडे कुत्रे, जे त्या आषाढीला आमच्या दिंडीबरोबर पंढरपूरपर्यंत चालले होते. वाटेत बायकांनी त्याला भाकरी घातली होती, एका मुक्कामी त्याच्या गळ्यात कोणीतरी बुक्क्याची बोटे ओढली होती. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, हे दृष्टांताला मी किती वेळा सांगितले असेल! आणि माझ्या तारेला ते चिकटून पडले होते. शेजारचा पोरगा त्याच वाटेने पाणी द्यायला जायचा. त्या रात्री तो आला नाही, एवढेच. मी कुत्रे पुरले, तार गुंडाळली आणि कोणाला सांगितले नाही. आज सांगतो आहे, कारण मचाण बांधू म्हणणाऱ्या पोराला अडवायचा अधिकार मला त्याशिवाय नाही.

आणखी एक. शिकारीचा विषय निघाला की गावाचे बोट पारध्यांच्या पालाकडे वळते. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले. १९५२ साली तो कायदा गेला. आपले बोट अजून खाली आले नाही. फास लावून तित्तर धरणारा पोटासाठी धरत होता. रात्री जीपच्या दिव्यात ससा आंधळा करून मारणारे आणि त्यावर पार्टी करणारे कोणत्या पालातले होते, हे आपल्याला चांगले माहीत आहे. तेव्हा टाळकऱ्यांनी तोंड उघडले नाही.

गप्प राहण्याचे फळ शेजारीच आहे. नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. माझे वडील या पक्ष्याची गोष्ट आपल्या माळावरचा पाहुणा म्हणून सांगत. आज नान्नजलाही त्याचे दर्शन दुर्मिळ आहे. आणि उलटही घडते. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरचा वाघ आपल्या जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला. शेकडो किलोमीटर पायी आला. वाटेत किती तारा, किती फास, किती मचाणे चुकवून आला असेल! पायी वारी करणाऱ्यांना त्याचे मोल कळावे.

म्हणून चार गोष्टी मागतो. माळ घालताना मांसमद्याचा त्याग सांगतात, त्यातच वीज सोडलेल्या तारेचा आणि फासाचाही त्याग सांगावा. झटक्याचे यंत्र बाजारात मिळते, ते जनावराला पळवते, मारत नाही. दुसरे, राखण पूर्वीसारखी पाळीपाळीने करावी. दोन-चार शेतांत एक माळा, डबा वाजवायला पोरे, सोबतीला भजन. तिसरे, पीक गेले की त्याच दिवशी अर्ज लिहून द्यायला भजनी मंडळातला लिहिता-वाचता माणूस उभा राहावा आणि पंचनामा होईपर्यंत हटू नये. तीही सेवाच आहे. चौथे, कीर्तनकारांनी व्याधाची कथा धनुष्य टाकेपर्यंत सांगावी, बेलावर थांबवू नये.

त्या रात्री घरी निघताना मृग पश्चिमेकडे कलला होता, मागे व्याध चमकत होता. आकाशात मृगाच्या पोटातले ते तीन तारे, ज्याला आपण बाण म्हणतो, स्पष्ट दिसत होते. पोथीत बाण सुटलाच नाही, आकाशात तो लागलेला आहे. दोन्ही आपल्या पूर्वजांनीच सांगितले. यातले काय खरे करायचे, हे तळ्याजवळच्या लिंबावर बसणाऱ्याच्या हातात आहे. पोरांनो, मचाण बांधा. मीही येतो बसायला. धनुष्य तेवढे घरी ठेवा.

चुकले-माकले संतसज्जनांनी पोटात घालावे. रामकृष्ण हरी.