वही जाळू नका



पाड्यावर बैठक झाली की दुसऱ्या दिवशी विचारणा येते : बाहेरचं कोण आलं होतं? काय बोलला? अर्ज कुणी लिहिला? मग आपल्यातलेच काही जण घाबरून बैठकीची वही चुलीत घालतात. वही जाळण्याआधी मीरतच्या खटल्याची गोष्ट ऐका.

1928 साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. इंग्रज सरकार हादरलं. 20 मार्च 1929 ला देशभर धाडी घालून कामगारांचे पुढारी पकडले. मुंबईचे डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे त्यांत होते. खटला मात्र भरला दूर मीरतला. कारण मुंबई-कलकत्त्याला ज्युरी, म्हणजे निवाडा द्यायला बसवलेली साधी माणसं, आली असती. ती सरकारला नको होती.

सरकारनं कलकत्त्याचा बॅरिस्टर लँगफर्ड जेम्स वकील म्हणून उभा केला. याचं काम नीट समजून घ्या. कुणी बॉम्ब टाकला, कुणाला मारलं, असं त्याला दाखवायचं नव्हतं. कलम होतं 121-अ, बादशहाचं राज्य उलथण्याचा कट. या कलमात लिहूनच ठेवलं होतं की कट शाबीत व्हायला प्रत्यक्ष काही घडायची गरज नाही. म्हणून वकिलानं पत्रं, पुस्तकं, पत्रकं, भाषणं गोळा केली आणि एका दोऱ्यात ओवली. वर सांगितलं, हे लोक देशाचे नाहीत, देव मानत नाहीत, घरदार मोडणारे आहेत. म्हणजे बाकीच्या जनतेनं त्यांच्यापासून लांब राहावं.

जनता लांब राहिली नाही. बचावासाठी कमिटी झाली, गांधीजी तुरुंगात भेटून आले. आरोपींनीही तोंड लपवलं नाही. होय, आम्ही कम्युनिस्ट आहोत, असं अनेकांनी कोर्टात सांगितलं आणि का ते दिवसेंदिवस मांडलं.

तरी किंमत पडलीच. खटला जवळजवळ चार वर्षं चालला. पुण्याचे म्हातारे कामगार पुढारी ठेंगडी निकालाआधीच वारले. जानेवारी 1933 मध्ये 27 जणांना शिक्षा झाली. मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप, डांग्यांना 12 वर्षं. ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टानं शिक्षा खूप कमी केल्या, काहींना सोडलं. डांग्यांची 12 ची 3 वर्षं झाली. पण तुरुंगात गेलेली वर्षं कोण परत देणार? खटला हीच शिक्षा होती.

इंग्रज गेला. बादशहाचं नाव कायद्यातून गेलं, पण 121-अ आणि राजद्रोहाचं 124-अ ही कलमं 2024 पर्यंत पुस्तकात राहिली. मात्र 1962 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सरकारवर कडक टीका केली म्हणून राजद्रोह होत नाही. हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अशांतता माजवण्याचा हेतू अथवा कल असावा लागतो, असं कोर्टानं तेव्हा म्हटलं. हे पाठ करा.

आपण काय करायचं? वही उघडपणे लिहा. किती जण जमले, काय ठरलं, तारीख, अंगठे. आपण कसतो त्या जमिनीवर हक्क मागितला, असं साफ लिहा. अर्जाची पोच घ्या, दंडाची पावती जपा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या, मगच सही.

जाळलेल्या वहीत काय होतं ते सरकारी वकील आपल्या मनानं सांगेल. राखलेली वही आपली साक्ष देईल.

जोहार!