कुलूप आणि कानस

छत्रीची मोडकी काडी कानशीनें घांसून कुलूप उघडण्याचें हत्यार घरींच करणाऱ्या मुलास आपण चटकन् चोर ठरवितों. हें न्याय्य नाहीं. आंतील खिळ्या नेमक्या किती उचलाव्या, हें त्याचीं बोटें शिकत असतात. १८५१ सालीं लंडन येथें हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें ब्रामा यांचें अजिंक्य मानलेलें कुलूप स्वतःच्या हत्यारांनीं उघडलें. त्या धक्क्यानें कारखानदार सुधारणेस लागले. शेजारच्या मुंबईंत आर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं कुलुपें करण्याचा धंदा आरंभिला. दोष जाणल्यावांचून पक्कें कुलूप कोणास घडवितां येईल? मात्र पनवेलच्या आमच्या विद्यार्थिमित्रांनीं एक मर्यादा पाळावी: कुलूप जुनें व स्वतःचें असावें, अगर मालकाची अनुमति असावी. हाताचें कौशल्य शीलाच्या ताब्यांत असेल, तरच तें भूषण होय.