अंगावरचे पित्त: ताटाला दोष कशाला?

संपादक महोदय,

मुलांच्या अंगावर वारंवार उठणाऱ्या पित्तावर आपण छापलेल्या लेखात दूध, अंडी, शेंगदाणे सरसकट बंद करायला सांगितले आहे. वाढत्या वयाच्या मुलांचे त्याने नुकसानच होईल.

अन्नाच्या ॲलर्जीने येणाऱ्या गांधी बहुधा खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत उठतात. सहा आठवड्यांहून अधिक काळ येत-जात राहणाऱ्या गांधींचे मूळ ताटात क्वचितच सापडते. त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, त्यातून सूज आणि खाज येते. या पेशींना चेतवणारी प्रतिपिंडे बऱ्याच मुलांच्या स्वतःच्याच रक्तात असतात. काहींत थायरॉइडविरोधी प्रतिपिंडेही आढळतात. लेखात याचा साधा उल्लेख नाही. काहींना गार पाणी, घाम किंवा चड्डीच्या इलॅस्टिकचा दाबही पुरतो. अशा काही मुलांच्या पाठीवर बोथट टोकाने रेघ ओढली, की थोड्याच वेळात तिथे फुगीर, लाल रेघ उठते.

जंत हे कारण कधीकधी असते, एवढे मान्य. म्हणून प्रत्येकाला जंतांचे औषध पुन्हापुन्हा पाजायचे नसते.

अँटिहिस्टामिन औषधे ‘रोग आत दाबतात’ हे विधान तर निराधार आहे. झोप न आणणारी नवी अँटिहिस्टामिन हाच पहिला उपचार आहे.

एकच गांध 24 तासांहून जास्त टिकली, डाग राहिला किंवा सोबत ताप, सांधेदुखी असली तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. जीभ सुजली, श्वास अडकला तर तत्काळ रुग्णालय गाठावे. एवढे तरी पुढच्या अंकात ठळक छापा.

— एक पालक, सांगली