मोटारीची साखळी बदलावी कीं नाहीं?

गेल्या महिन्यांत वाईस आमच्या घरीं दोन पक्ष पडले. वाद जमिनीचा नव्हता, कोणाच्या लग्नाचाही नव्हता. तो होता २०११ सालीं घेतलेल्या मोटारीच्या एंजिनांतील साखळीचा. सकाळीं गाडी सुरू करतांच दोन-तीन सेकंद खडखड होई व मग थांबे. पुतण्या म्हणाला, "काका, टायमिंग चेन ताणली आहे. बदलूनच टाकूं." वडील बंधूंचें म्हणणें असें, "गाडी धांवते आहे ना? मग हा खर्च कशास?" पण तीच गाडी घेऊन आमची सूनबाई रोज पसरणीचा घाट चढून पांचगणीच्या शाळेंत शिकवावयास जाते, हें मला विसरतां येईना.

या साखळीचें काम असें कीं, क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा नेमका एक व्हावा. म्हणजे झडपा योग्य क्षणीं उघडतात व मिटतात. साखळी दातांवरून सरकली किंवा तुटली, तर पुष्कळ एंजिनांत दट्ट्या झडपांवर आपटतो आणि एंजिन निकामी होतें. घाटांत असें झालें म्हणजे स्टिअरिंग जड होतें, आणि ब्रेकला मिळणारें साहाय्यही थोड्याच दाबण्यांत संपतें.

"ताणली" हा शब्द मात्र मज जुन्या मास्तरास खटकला. साखळी रबरासारखी ताणली जात नाहीं. तिच्या प्रत्येक सांध्यांतील खिळा केसभर झिजतो, आणि साऱ्या सांध्यांची झीज मिळून ती लांबते. ही वाढलेली लांबी तेलाच्या दाबानें पुढें सरकणारा टेन्शनर सांवरून धरतो. रात्रीं तो दाब उतरलेला असतो, म्हणून सकाळची खडखड. पण तोच आवाज तेल कमी असलें किंवा टेन्शनर बिघडला तरीही येतो. रबरी पट्टा ठरलेल्या किलोमीटरांनंतर बदलतात. साखळीस बहुधा तसा आंकडा नसतो. ती तपासावीच लागते.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. तेल वेळेवर बदलण्याचें काम माझ्याकडे होतें, आणि तें मीं दोन वर्षें लांबविलें होतें. जुन्या काजळलेल्या तेलानें सांधे लवकर झिजतात, हें मेस्त्रीनें मला सर्वांसमोर सांगितलें.

प्रथम योग्य प्रतीचें तेल घातलें. आवाज तीन दिवस थांबला, चौथ्या दिवशीं परत आला. संगणकानें तपासतां क्रँक व कॅम यांच्या मेळांत दोष दिसला नाहीं. बंधूंचा चेहरा खुलला. पण हा दोष संगणकांत बराच उशिरां उमटतो, असें मेस्त्री म्हणाला, आणि काढलेल्या तेलांत त्याला प्लॅस्टिकचे बारीक तुकडे सांपडले होते. तेव्हां झांकण उघडण्यास मीं संमति दिली. टेन्शनर जवळजवळ शेवटच्या टोकापर्यंत बाहेर आला होता. साखळीच्या मार्गदर्शक पट्टीवर खोल चऱ्या पडल्या होत्या. पुढें सांवरून धरावयास जागाच उरली नव्हती.

साखळी, टेन्शनर, पट्ट्या व दांतेरी चक्रें सर्व एकदम बदललीं. कारण खर्चाचा मोठा भाग उघडण्या-बसविण्याच्या मजुरीचा, आणि तो दोनदां कोण देणार? पांच दिवस सूनबाई एस. टी.नें गेली. जुनी साखळी पुतण्यानें ओसरीवर नव्या साखळीशेजारीं मांडली. फरक अवघा कांहीं मिलिमीटरांचा होता. तो पाहण्यासाठीं आम्हां दोघांही बंधूंस चष्मे आणवावे लागले.