‘जैत’ नेमकी कोणाची?

‘जैत रे जैत’ (१९७७) म्हणजे आदिवासी जीवनाचे पडद्यावरील अस्सल दर्शन, असे मानण्याची मराठी समीक्षेला सवय जडली आहे. राष्ट्रीय पुरस्काराने या समजुतीवर मोहोर उमटवली आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत व ना. धों. महानोरांची गीते यांनी ती जवळजवळ वादातीत केली. गीतांच्या श्रेष्ठतेविषयी दुमत संभवत नाही. प्रश्न निराळाच आहे. ज्यांच्या नावे ही गीते गायिली जातात त्या ठाकरांना हा चित्रपट काय बोलू देतो?

येथे नटांच्या जातींची शिरगणती करून थांबणे सोपे आहे. मोहन आगाशे, स्मिता पाटील ठाकर नव्हेत. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि मूळ कादंबरीकार गो. नी. दांडेकर हेही नव्हेत. परंतु परकायाप्रवेश हा कलेचा धर्मच होय. जन्माच्या दाखल्यावर अस्सलपणा ठरवू गेल्यास साहित्याचा बराचसा प्रांत ओसाड पडेल. आक्षेप आहे तो कथेने निवडलेल्या शत्रूवर. नाग्याचा डोळा माशीच्या दंशाने जातो आणि त्याचे वैर जडते ते लिंगोबाच्या डोंगरावरील राणीमाशीशी. कादंबरी १९६५ची, १९६८ साली कर्नाळा पक्षी अभयारण्य घोषित झाले, म्हणजे ज्या रानाच्या आधारे ठाकर जगत होता त्या रानाला शासकीय सीमा पडली. नऊ वर्षांनी आलेल्या चित्रपटाच्या संघर्षात मात्र वनखाते हे पात्रच नाही. इतिहास वगळला की उरते ते मिथक; आणि मिथकातला आदिवासी शहरी प्रेक्षकाला कधीच अडचणीत आणीत नाही.

चिंधीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. नवऱ्याला सोडणारी, आपली ओढ उघड बोलून दाखविणारी अशी स्त्री तत्कालीन मराठी पडद्यावर दुर्मिळच, आणि स्मिता पाटील यांनी तिला दिलेली धग आजही ओसरलेली नाही. तरीही हे स्वातंत्र्य प्रेक्षकाला रुचते ते ती ‘रानातली’ आहे म्हणून. हेच धाडस पुण्याच्या पेठेतील नायिकेने केले असते तर तिला ‘निसर्गकन्या’ म्हणून कोणी गौरविले असते काय? शिवाय अखेरीस ती मरते, आणि जैत नाग्याची होते.

कर्नाळ्यापासून न्हावा-शेवा फार दूर नाही. १९७० साली सिडको स्थापन झाल्यानंतर या पट्ट्यातील आगरी-कोळ्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर संपादनाच्या नोटिसा येऊ लागल्या. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. १९८९ साली बंदर सुरू झाले. त्यासाठी शेव्याचा कोळीवाडा आधीच उठविला गेला होता. या माणसांना लोकप्रिय चित्रपटाने दिली ती बहुधा एकच जागा: रंगीत लुगडे, होडी आणि ठेका. डोंगरातल्याला मिथक, खाडीतल्याला नाच; सातबारा दोघांच्याही वाट्याला नाही.

‘अस्सल’ हे विशेषण वापरणाऱ्या समीक्षकाने निदान एवढे सांगावे, की त्याने ते कशाशी ताडून पाहिले: ठाकरवाडीशी, की याआधी पाहिलेल्या चित्रपटांशी?